‘इन्क्युबेशन’ला मराठीत काय म्हणाल?

कुंपणावरची: प्वांकारेवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. अंकगणितातला एक प्रश्न सुटेना, तेव्हा हा गणितज्ञ वैतागून काही दिवस समुद्रकाठी जाऊन राहिला आणि तिथे कड्यावरून चालताना उत्तर सुचलं. ग्रॅहॅम वॉलस या ब्रिटिश विचारवंताने 1926 मध्ये झटणं आणि सुचणं यांमधल्या या टप्प्याला ‘इन्क्युबेशन’ म्हटलं. मी ‘बाजूला ठेवणे’ लिहिलं, संपादक म्हणतात ‘उबवण’. पटत नाही.

तर्कट: बसच्या पायरीवर पाय ठेवताना त्याला उत्तर सुचलं, ती गोष्ट ना?

कुंपणावरची: ती कुतांस गावातली, ‘फुक्सीय फलनं’ नावाच्या गणिती विषयाची. ही वेगळी.

तर्कट: बरं. पण ‘उबवण’ चूकच. कोंबडी अंडी सोडून समुद्रावर जात नाही.

शुद्धमती: ‘उष्मायन’ आहे की. रोगाच्या बाबतीत ‘परिपाककाल’ म्हणतात, तोही चालेल.

बगनाशक: मी प्रोग्रामर. तेच तेच बदलून बघायला लागलो की समजायचं, उठायची वेळ झाली. आमच्या टीममध्ये सरळ ‘पार्क करू’ म्हणतात.

शुद्धमती: गाडी आहे का ती?

तर्कट: सरकारी हापिसात याला भिजत घोंगडं म्हणतात :)

कुंपणावरची: त्यात चालढकल आली. इथे माणूस आधी भरपूर झटलाय आणि मग जाणूनबुजून सोडतोय.

बांधावरचा: आमच्याकडे शब्द आहे, वाफसा. पाऊस झाल्या झाल्या काळ्या रानात औत घातलं तर नुसती ढेकळं निघतात. आबा मूठभर माती दाबून बघायचे. गोळा तसाच राहिला तर घरी परत, भुगा झाला तर वाफसा आला, बैल जुंपायचे. प्रश्नालाही वाफसा येऊ द्यावा.

कुंपणावरची: वा! पण वाफसा ही शेवटची अवस्था झाली ना? मला मधल्या थांबण्याला शब्द हवाय.

शुद्धमती: शिवाय शहरी वाचकाला कळणार नाही. ‘स्थगित’ लिहा.

तर्कट: ‘तहकूब’ काय वाईट?

शुद्धमती: परका. महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला?

तर्कट: त्याला साडेतीनशे वर्षं होत आली, तरी आपण ‘हजर’, ‘अर्ज’, ‘जमीन’ म्हणतोच. आणि वाफसा शहरात कळत नाही म्हणून टाकायचा, तर उष्मायन कुठल्या गल्लीत कळतं?

शुद्धमती: पारिभाषिक शब्द शिकावे लागतात.

बांधावरचा: मग वाफसा शिका की. वाफ धरते जमीन, म्हणून वाफसा. बाष्पवरून वाफ, म्हणजे तुमच्या संस्कृतातलाच निघाला.

तर्कट: मला तो ‘वाफा’वरून वाटतो. भाजीचा वाफा.

बांधावरचा: वाफ्याचा काय संबंध? वाफसा अख्ख्या रानाला येतो.

कुंपणावरची: मंडळी, लेख उद्या द्यायचाय. ‘मुरू देणे’ कसं वाटतं?

बगनाशक: कृषी सल्ल्यात तर ‘वापसा’ छापतात, ‘प’ने. मग वाफ कुठे गेली?

बांधावरचा: छापणारे कधी रानात गेलेत का?

शुद्धमती: ‘प’चंही रूप वापरात आहे. आधी कोश उघडा, मग बोलू.