मदत हवी आहे: 'रीव्ह' हा जुना इंग्रजी शब्द आणि आडनाव

मध्ययुगीन इंग्लंडमधील शेतीविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करताना मी 'रीव्ह' या शब्दापाशी अडलो आहे. प्राचीन इंग्रजीतील 'गेरेफा', म्हणजे अधिकारी, यापासून तो आला आणि 'शायर' या परगण्याचा रीव्ह तो 'शेरीफ', एवढे कोशांतून कळते. (मुंबईचे शेरीफपद याच वंशातले.) मात्र जमीनदाराच्या गावातला रीव्ह बहुधा बांधील कुळांमधूनच नेमला किंवा निवडला जाई, वेठीची कामे वाटून देणे, पेरणी-कापणीवर देखरेख ठेवणे आणि वर्षअखेरीस, साधारणतः २९ सप्टेंबरच्या मायकेलमस सणाच्या सुमारास, धान्याचा व गुराढोरांचा हिशेब जमीनदाराच्या माणसांपुढे मांडणे ही त्याची कामे असत. त्याला 'पाटील' म्हणावे तर वतन नाही, 'मुकादम' म्हणावे तर हिशेबाची जबाबदारी सुटते. मला 'कारभारी' त्यातल्या त्यात बरा वाटतो. याहून नेमका शब्द जुन्या मराठी दफ्तरांत कोणाला आढळला आहे का?

शिवाय 'रीव्ह्ज' हे आडनाव रीव्हच्या मुलाचे वा नोकराचे मानावे, की काही अभ्यासक म्हणतात त्याप्रमाणे रानाच्या कडेला राहणाऱ्याचे, याविषयीही जाणकारांनी कृपया आधारासह लिहावे.