दुनळी बंदूक घरातून कायमची काढायची आहे. आधी परवाना रद्द की आधी बंदूक जमा?

माणदेशी: वडिलांच्या (वय ७६) नावे बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) दुनळी आणि १४ काडतुसं आहेत. परवाना चालू आहे, जिल्हाधिकारी कार्यालयाचा. हल्ली त्यांना विसर पडतो, रात्री दचकून उठतात. बंदूक नको हे त्यांनाही पटलंय, वारसापैकीही कुणाला नको. कसं करायचं? मी एकट्याने ठाण्यात नेली तर चालेल?

खटका: आधी बंदूक, मग परवाना. उलट केलंत तर मधल्या काळात घरात विनापरवाना शस्त्र राहील. ठाण्यात किंवा ठेव घेण्याचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. पावतीवर बंदूक कोणत्या कंपनीची, तिचा क्रमांक, बोअर आणि काडतुसांची संख्या हवीच. ठाणे दैनंदिनीतला नोंद क्रमांकही मागून घ्या. पण जमा केली म्हणजे सुटलो असं नाही. ती फक्त ठेव. परवाना जिवंतच राहतो आणि नूतनीकरणाची तारीख चुकली की नोटीस येते.

एकट्याने नेऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ मध्ये परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याने शस्त्र नेण्याची सवलत आहे, पण ती दुरुस्ती, परवान्याचं नूतनीकरण किंवा त्याच्याच वापरासाठी. वडील सोबत असू देत. तेही जमत नसेल तर ठाण्यात अर्ज देऊन घरून न्यायला सांगा.

माणदेशी: आणि विकायची झाली तर?

खटका: कलम ५ नुसार घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हा दंडाधिकारी किंवा आपल्या हद्दीतल्या ठाण्याला कळवायचं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. घाईत हे दिवस मोजायचे राहतात. हस्तांतर झालं की परवान्यावर नोंद, मग कलम १७ खाली वडिलांनी स्वतः रद्द करण्याचा अर्ज. म्हणून सह्यांची कामं आत्ताच उरका, त्यांना नीट समजतंय तोवर. परवानाधारक गेल्यावर मामला वेगळा: मग कलम २१ लागतं, वारसांनी विनाविलंब जमा करावी लागते आणि विहित मुदतीत निकाल लावला नाही तर बंदूक सरकारजमा होते.

काडतूस_मोजा: नेण्याआधी रिकामी आहे ना बघा. तोंड मोकळ्या जागेकडे, बोट चापापासून लांब, वरची कळ उजवीकडे दाबून बंदूक मोडा, म्हणजे बिजागरीवर उघडा. दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसला पाहिजे. काडतूस अडकलं असेल तर गजाने ठोकू नका, तशीच मोडलेली ठेवून ठाण्यात फोन करा. फुगलेली, गंजलेली काडतुसंही मोजून तिथेच द्यायची. विहिरीत टाकली की परवान्यावरच्या नोंदीशी हिशोब जुळत नाही.

माणदेशी: तोवर नळ्या वेगळ्या काढून चुलत्यांकडे ठेवू का?

खटका: अजिबात नको. कायद्याने सुटा भागही शस्त्रच, चुलते नाहक अडकतील. नळ्या एका कपाटात, दस्ता दुसऱ्यात, काडतुसं तिसरीकडे. किल्ल्या मात्र वडिलांच्या नेहमीच्या खणात ठेवू नका.