विषय: हॉलमागचं शेत – शुक्रवारी पाचच्या आत उत्तर जायला हवं

प्रेषक: सुजाता (सचिव)
बुधवार, सकाळी ७:५०

सगळ्यांना नमस्कार,

गावात घरं कुठे बांधायची ते ठरवणाऱ्या नेबरहुड प्लॅनच्या मसुद्यात हॉलमागच्या शेतात ३८ घरं दाखवली आहेत. त्यावर मत कळवायच्या सहा आठवड्यांच्या मुदतीतले दोन दिवस उरले. शुक्रवारी संध्याकाळी ५ नंतर पॅरिश कौन्सिल काही घेणार नाही. मंडळाच्या नावाने पत्र तयार करून सोबत जोडलंय. मुद्दा एकच ठेवलाय: त्या ३८ घरांचा रस्ता हॉलच्या पार्किंगमधून काढू नका. आपल्या १४ जागा जातात, मग गणपतीत आणि दिवाळीत गाड्या लावायच्या कुठे? आज रात्रीपर्यंत नुसतं "हो" कळवा, उद्या पाठवून टाकते.

माधवकाका, लेटरहेडची फाइल तुमच्याकडे आहे. पाठवता का?

सुजाता


प्रेषक: माधव
बुधवार, सकाळी ८:३५

सुजाता,

लेटरहेड पाठवतो, पण जरा थांब. हॉलच्या कमिटीशी २००९ पासून मीच बोलत आलोय. हे पत्र परस्पर पॅरिश कौन्सिलला गेलं आणि हॉलवाल्यांना ते बाहेरून कळलं, तर पुढच्या वर्षीच्या तारखा मागायला मी कोणत्या तोंडाने जाऊ? आधी मला त्यांना एक फोन करू दे.

दुसरं, माळ्यावरच्या ट्रंकेची दुसरी किल्ली कोणाकडे आहे? मखराचे खांब, समया, चौरंग, सगळं तिच्यात आहे. नकाशात हॉलचं मागचं दार बंद दाखवलंय. ते बंद झालं तर ट्रंक पुढच्या अरुंद जिन्याने उतरवावी लागेल, आणि ते काम दोघांचं नाही, चौघांचं आहे. हेही पत्रात घाला.

माधवकाका


प्रेषक: अण्णा
बुधवार, सकाळी ११:१५

सुजाता, पत्र वाचलं. मी सही करणार नाही. त्यात शेताबद्दल अवाक्षर नाही.

१९८७ मध्ये या गावात राहायला आलो तेव्हापासून मी त्या शेताच्या बांधाने फिरतोय. हिवाळ्यात नांगरट झाली की तिथे टिटव्या उतरतात. आपल्याकडच्या टिटवीच्या डोळ्यापुढे लाल गाठ असते, हिच्या डोक्यावर लांब तुरा असतो, पण चालण्याची तऱ्हा तीच: चार पावलं पळायचं, थबकायचं, वाकून टिपायचं. माझी पत्नी होती तेव्हा आम्ही दोघं तिथे उभे राहून त्या मोजायचो. ब्रिटनमध्ये हा पक्षी धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रकल्पांना निसर्गात १० टक्के भर घालून दाखवावी लागते हे मला माहीत आहे, पण ती भर दुसऱ्या गावातल्या शेतात घातली तरी कायद्याला चालते. आपल्या शेतावरच्या टिटव्यांना तिचा काय उपयोग?

परवा एकाने मला विचारलं, आपण हिंदू माणसं, चर्चच्या कौन्सिलला कशाला लिहायचं? त्याच्यासाठी आणि ज्यांनी विचारलं नाही त्यांच्यासाठीही सांगतो. १८९४ च्या कायद्याने गावच्या कारभाराची पॅरिश आणि चर्चची पॅरिश वेगळ्या झाल्या. आपली पॅरिश कौन्सिल म्हणजे ग्रामपंचायतच, फक्त बांधकामाची परवानगी तिच्या हातात नाही. ती वरची डिस्ट्रिक्ट कौन्सिल देते, पॅरिश नुसतं मत कळवते. मात्र २०११ च्या लोकॅलिझम अ‍ॅक्टने गावाला स्वतःचा नेबरहुड प्लॅन करायचा हक्क दिला. सार्वमतात तो पास झाला की डिस्ट्रिक्टला निर्णय घेताना तो धरून चालावं लागतं. कंब्रियातल्या अप्पर ईडनने असं पहिलं सार्वमत मार्च २०१३ मध्ये घेतलं. आपला प्लॅन अजून मसुद्यातच आहे. शेत वगळा म्हणायची वेळ हीच आहे. चौदा गाड्यांसाठी ही वेळ घालवू नका.

अण्णा


प्रेषक: निखिल
बुधवार, दुपारी १:०५ (जेवणाच्या सुट्टीत लिहितोय)

अण्णा,

या गावात मला भाड्याने पहिली खोली तुम्ही मिळवून दिलीत, ते मी विसरलेलो नाही. म्हणूनच तुमचं पत्र वाचून जास्त लागलं.

आम्ही इथे सहा वर्षं राहतोय. घरमालक घर विकायला काढतोय. गावात भाड्याचं दुसरं घर नाही, विकत घ्यायचं तर आम्हा दोघांचे पगार मिळूनही कर्ज पुरत नाही. स्नेहल गावातल्याच केअर होममध्ये आहे. सकाळची शिफ्ट ७ ला सुरू होते आणि पहिली बस ८ नंतरची. गाव सोडावं लागलं तर तिची नोकरी सुटणार. ज्या आजींना ती रोज सकाळी उठवून आंघोळ घालते, त्या याच गावच्या आहेत. त्यांच्याजवळ राहायला आम्हाला घर नको का? मुलगी इथल्या शाळेत तिसरीला आहे, तिच्या वर्गात दोन वर्षांत मुलं कमी झालेली मी डोळ्यांनी पाहिलीत.

त्या ३८ पैकी काही घरं परवडणारी असणार आहेत. मी शेताच्या बाजूने लिहिणार नाही, घरांच्या बाजूने लिहिणार.

आणि एक प्रश्न. सार्वमतात मला मत आहे का? मला आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) मिळालंय पण पासपोर्ट भारतीयच आहे. मागे एका काउंटरवर चौकशी केली तर सिटिझन नसाल तर नाही, असं सांगून परत पाठवलं. नक्की कोणाला माहीत आहे?

निखिल


प्रेषक: वर्षा
बुधवार, दुपारी ४:४०

निखिल, मताचं मला माहीत नाही, प्राची सांगेल. मी वेगळंच लिहितेय.

माझं माहेर माणचं. हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून. मी सातवीत होते तेव्हा आमच्या वावरात भुईमूग असायचा. मग टॉवर उभे राहिले. त्यांची मला तक्रार नाही, माझे दोन्ही भाऊ त्याच पार्कात नोकरीला लागले. तक्रार एवढीच की घरं आधी आली आणि गटार मागाहून. ओढ्याला मिळायचं ते पावसाचं पाणी रस्त्याने वाहायला लागलं. वैशाखात टँकर आणि आषाढात गुडघाभर पाणी, दोन्ही एकाच गल्लीत. आई अजून पायरीवर विटा रचून ठेवते.

इथे दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या सकाळी हॉलच्या स्वयंपाकघरात काय झालं ते आठवतंय का? आदल्या रात्री पाऊस झाला होता. मी आणि सुजाता उकडीचं पातेलं घासत होतो आणि सिंकमधून पाणी खाली जाण्याऐवजी वर यायला लागलं. काळपट, वास येणारं, वर साबणाचा फेस. खवलेला नारळ शेजारीच ठेवलेला, तो सगळा टाकून द्यावा लागला. बाहेर जाऊन पाहिलं तर मागच्या दाराजवळच्या चेंबरचं झाकण कडेने उचललं गेलेलं आणि पाणी थेट त्या शेताकडे वाहत होतं.

आताच जर ही लाइन एका रात्रीच्या पावसात भरते तर आणखी ३८ घरांची संडास-मोरी तिला झेपणार आहे का? पत्रात हे का नाही?

वर्षा


प्रेषक: माधव
बुधवार, संध्याकाळी ६:१०

वर्षा,

तू सिंकचं काढलंस म्हणून सांगतो. आजवर कोणाला बोललो नव्हतो. त्या गणपतीनंतर हॉलवाल्यांनी आपल्या डिपॉझिटमधले ५० पौंड कापले. कारण दिलं, तुमच्या लोकांनी सिंकमध्ये भात ओतला, त्याने पाइप तुंबला. मी म्हटलं, आमच्याकडे अन्न सिंकमध्ये टाकत नाहीत, खरकटं वेगळ्या पिशवीत भरून मी स्वतः घरी नेलं. त्यांनी ऐकलं नाही. मंडळात उगाच वाद नको म्हणून ते ५० मी खिशातून भरले. पैशांचं काही नाही, पण भात ओतला हा शब्द मला अजून सलतो.

पाणी बाहेरच्या चेंबरमधूनही येत होतं हे तू मला त्या वेळी का नाही सांगितलंस?

माधवकाका


प्रेषक: प्राची
बुधवार, रात्री १०:२०

उशिरा लिहितेय, मुलं आत्ता झोपली. मी दुसऱ्या काउंटीत प्लॅनिंगमध्येच काम करते. गावासाठी लिहितेय तेव्हा एक रहिवासी म्हणून लिहितेय.

निखिल, तुला मत आहे. नेबरहुड प्लॅनच्या सार्वमताला लोकल निवडणुकीचीच मतदारयादी लागते आणि इथे राहायची परवानगी असलेल्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना त्या यादीत नाव घालता येतं. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. तुला काउंटरवर चुकीचं सांगितलं. उद्याच नाव नोंदव, स्नेहलचंही. मतदानाच्या दिवशी फोटो असलेलं ओळखपत्र लागेल, त्याला भारतीय पासपोर्ट चालतो. मंडळात अशी निदान दहा-बारा घरं असतील ज्यांना वाटतं की आपल्याला मत नाही. पास व्हायला मतदान केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त "हो" लागतात, मतदान किती व्हावं याला किमान अट नाही. एवढ्याशा गावात दहा घरं कमी नाहीत.

अण्णा, तुम्हाला आवडणार नाही पण सांगायला हवं. डिस्ट्रिक्टच्या लोकल प्लॅनने गावाच्या वाट्याला जितकी घरं दिली त्याहून कमी घरं नेबरहुड प्लॅनला ठरवता येत नाहीत. शेत वगळायचं तर तेवढ्या घरांची दुसरी जागा दाखवावी लागेल, आणि दुसरी म्हणजे ओढ्याकाठची, ती याहून वाईट. आपण प्लॅनच पाडला तर काय? डिस्ट्रिक्टकडे पाच वर्षं पुरेल इतकी घरबांधणीची जमीन दाखवता आली नाही की तराजू बिल्डरकडे झुकतो, आणि अपिलात ३८ च्या जागी ८० मंजूर झालेली मी पाहिलीत. याउलट गावाने आपल्या वाट्याच्या घरांना जागा नेमून दिली असेल तर पास झालेल्या प्लॅनला पाच वर्षं बरंच संरक्षण मिळतं. पैशांचंही आहे: नव्या घरांवर बिल्डरकडून घेतात त्या सीआयएल आकारामधला २५ टक्के हिस्सा प्लॅन असलेल्या पॅरिशला मिळतो, प्लॅन नसेल तर १५ टक्के आणि त्यालाही वरून मर्यादा.

वर्षाताई, तुम्ही ज्यावर बोट ठेवलंत तोच यातला सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. घरातून दिसणारं दृश्य जातं, घराची किंमत पडते, असलं काही लिहिलं तर प्लॅनिंगमध्ये ते धरतच नाहीत. मैलापाणी धरतात. गोम अशी की १९९१ च्या वॉटर इंडस्ट्री अ‍ॅक्टच्या कलम १०६ ने नव्या घराला मैल्याच्या लाइनला जोडून घ्यायचा हक्क आहे, आणि लाइनमध्ये जागा नाही एवढ्या कारणाने पाणी कंपनीला तो नाकारता येत नाही. (परवडणाऱ्या घरांचा करार होतो तो १९९० च्या प्लॅनिंग अ‍ॅक्टचा १०६, दोन्ही एक समजू नका.) म्हणजे अडवायचं तर परवानगीच्या टप्प्यावरच अडवायला लागतं. त्यासाठी एक अट असते, तिला आम्ही ग्रॅम्पियन अट म्हणतो: अमुक काम पूर्ण होईपर्यंत घरात कोणी राहायला यायचं नाही. प्लॅनमध्ये शेताबद्दल जे कलम आहे त्यातच लिहून घ्या की पंपिंग स्टेशन आणि लाइन वाढवल्याशिवाय एकाही घरात माणूस राहायला येणार नाही. घरं तशीच राहतात, क्रम बदलतो.

आणि एक सगळ्यांना. शंभर सह्यांचं एक पत्र हे एकच पत्र धरतात. मजकूर मोजतात, सह्या नाही. ज्याने जे पाहिलंय ते त्याने स्वतःच्या शब्दांत लिहावं. निखिल, स्नेहलच्या शिफ्टचं जसं इथे लिहिलंस तसंच्या तसं लिही. गावात नोकरी करणाऱ्यालाही स्थानिक माणूस धरा, अशी मागणी कर, नाहीतर ती घरं फक्त गावात जन्मलेल्यांच्या मुलांना जातील.

वर्षाताई, त्या दिवसाचा फोटो आहे का कोणाकडे? तारखेसकट?

प्राची


प्रेषक: वर्षा
गुरुवार, सकाळी ६:५५

सापडला. मंडळाच्या अल्बममध्ये नव्हता, नवऱ्याच्या जुन्या फोनमध्ये होता. त्याला पातेल्याचा फोटो काढायचा होता. ७ सप्टेंबर २०२४, सकाळी ९:१२. सिंकमधलं पाणी अगदी काठाला आलेलं आहे आणि मागच्या खिडकीतून उचललेलं झाकण दिसतंय. सोबत जोडलाय.

माधवकाका, त्या दिवशी आरतीची घाई होती आणि नंतर राहून गेलं. तुम्ही एकट्याने ते पैसे भरले हे कळल्यावर रात्री झोप लागली नाही. चुकलं माझं.

वर्षा


प्रेषक: माधव
गुरुवार, सकाळी ९:३०

फोटो पाहिला. हॉलच्या चेअरमनला फोन केला आणि पाठवलाही. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. हॉल कमिटीही मैलापाण्याबद्दल स्वतःचं पत्र देतेय, आणि पार्किंगचं त्यातच घालतेय. पन्नास पौंडांचा विषय मी काढला नाही. तिनेच काढला.

मागच्या दाराचं मात्र अजून ठरलेलं नाही. ट्रंकेची दुसरी किल्ली कोणाकडे आहे?

माधवकाका


प्रेषक: सुजाता (सचिव)
गुरुवार, दुपारी १२:१५

किल्ली माझ्याकडे, काका. माझ्या पर्समध्ये होती, माफ करा.

कालचं पत्र मागे घेते. मंडळ फक्त हॉल भाड्याने घेणारे म्हणून अर्ध्या पानाचं पत्र देईल: फोटो, तारीख, प्राचीने सांगितलेली अट. बाकी प्रत्येकाने आपलं लिहायचं. ज्यांना फॉर्म भरायला मदत हवी त्यांनी आज ६ नंतर माझ्याकडे या, चहा आहे. आईबाबांना इंग्रजीत लिहायला अवघड जात असेल तर त्यांनी मराठीत सांगावं, मी लिहून घेईन, सही त्यांची.

अण्णा, तुमचं काय ठरलं? तुमच्याशिवाय पत्र पाठवायला मन तयार होत नाही.

सुजाता


प्रेषक: अण्णा
गुरुवार, रात्री ८:५०

सुजाता, मंडळाच्या पत्राला माझी हरकत नाही. माझं मी वेगळं लिहिलंय, दीड पान. घरं नकोत असं त्यात नाही. उत्तरेकडची पट्टी, बांधाला लागून जिथे टिटव्या उतरतात तेवढी, मोकळी ठेवा आणि निसर्गाची ती दहा टक्के भर याच गावात घाला, असं मागितलंय. प्राचीला दाखवून घेतलं, ती म्हणाली टिकेल. शेत पूर्ण राहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं, ते मी लपवत नाही.

निखिल, काल तुझं पत्र दोनदा वाचलं. स्नेहलची शिफ्ट सातची असते हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नाही. घरमालकाने तारीख दिली तर मला आधी सांग, वरची खोली रिकामी आहे.

उद्या पहाटेपासून पाऊस सांगितलाय. साडेआठला मी मागच्या चेंबरपाशी उभा असेन. झाकण पुन्हा उचललं गेलं तर उद्याचा फोटो जुन्या फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडेल. माझ्या फोनचा कॅमेरा धड नाही, तू तुझा घेऊन ये.

अण्णा