शब्दचर्चा: ‘साचेबद्ध’, ‘उसनी’ की ‘कित्ता गिरवणारी’?

प्रश्न

लग्न न झालेल्या किंवा मोडलेल्या पाच-सहा मित्रमैत्रिणींची, त्यांच्या प्रेमप्रकरणांची विनोदी मालिका. सगळं आधी कुठेतरी पाहिलेलं. इंग्रजी परीक्षणं अशा मालिकेला ‘डेरिव्हेटिव्ह सिटकॉम’ म्हणून मोकळी होतात. मराठीत एका विशेषणात हे कसं म्हणावं? ‘साचेबद्ध’ चालेल का? आणि ‘सिंगल’ला ‘अविवाहित’ म्हणावं का?

प्रतिसाद

‘साचेबद्ध’ नको. सिटकॉम हा प्रकारच साच्यावर उभा आहे, त्यामुळे त्या शब्दाने दोष दाखवला जात नाही. अमेरिकेत अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की साधारण 22 मिनिटं उरतात. त्यात शीर्षकाआधी एक छोटा प्रसंग आणि मग दोन-तीन कथानकं आलटूनपालटून. ‘आय लव्ह लूसी’ने 1951 पासून प्रेक्षकांसमोर एकाच वेळी तीन फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रण केलं आणि ती पद्धत रूढ झाली. दिवाणखान्याला चौथी भिंत नाही, सोफा मधोमध आणि तोंड प्रेक्षकांकडे, ही मांडणी त्याच पद्धतीला सोयीची. ती चांगल्या मालिकेतही असते आणि वाईट मालिकेतही.

‘हाउ आय मेट युवर मदर’ (2005) घ्या. न्यूयॉर्क, पाच मित्र, एक ठरलेला बार. साचा ओळखीचाच. पण बाप 2030 साली मुलांना जुनी गोष्ट सांगतोय ही चौकट तिने स्वतःची आणली. ती साचेबद्ध नक्की आहे, पण तुम्हाला हवा तो दोष तिच्यात नाही.

प्रतिसाद

मग ‘उसनी’ घ्या. ‘हातउसने’मुळे दुसऱ्याकडून घेतलेलं हा अर्थ येतो आणि ‘उसनं अवसान’मुळे आतून न आलेलं हाही येतो. तुम्हाला दोन्ही छटा हव्या आहेत. मात्र शब्द नेमक्या नामाला लावा. ‘उसनी मालिका’ ऐकायला विचित्र वाटतं; ‘उसनी पात्रं’, ‘उसने विनोद’, ‘उसनी प्रेमकथा’ सहज वाटतं. कारण उसनं घेतात ते काहीतरी मोजून देण्यासारखं, अख्खं घर कोणी उसनं घेत नाही.

पूर्ण मालिकेबद्दल बोलायचं तर ‘कित्ता गिरवणारी’. कित्ता म्हणजे समोर ठेवलेला वळणदार नमुना. गिरवणारा त्याच रेषांवरून हात फिरवतो. पूर्वी या शब्दप्रयोगात आदर होता, थोरांचा कित्ता गिरवावा असं सांगत. आता ‘तोच कित्ता गिरवला’ म्हटलं की नापसंतीच कळते. ‘तोच’ हा शब्द गाळू नका, नाहीतर वाचक कौतुक समजेल.

‘प्रेरित’ टाळा. ते ‘कशाने?’ हा प्रश्न उभा करतं आणि उत्तर न दिल्यास वाक्य लंगडं पडतं. शिवाय ते सौजन्याचं लेबल आहे. ‘वाङ्मयचौर्य’ तर फारच जड: तो आरोप आहे आणि शब्द, संवाद, प्रसंग जसेच्या तसे उचलल्याचं दाखवता आलं तरच करावा. ‘सहा मित्र, समोरासमोर दोन घरं’ ही कल्पना कुणाच्या मालकीची नसते.

प्रतिसाद

वरच्या मुद्द्याला जोड. ‘उसनी’ म्हणण्याआधी तारखा पाहाव्यात. न्यूयॉर्कमधल्या सहा मित्रमैत्रिणींची ‘फ्रेंड्स’ सप्टेंबर 1994 मध्ये सुरू झाली, पण ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या सहा कृष्णवर्णीय मित्रमैत्रिणींची ‘लिव्हिंग सिंगल’ ऑगस्ट 1993 पासून चालू होती. तिला ‘फ्रेंड्सची नक्कल’ म्हणणं ही सरळ कालक्रमाची चूक आहे, आणि ती सर्रास होते याचं वाईट वाटतं. जमेल-न जमेल अशा जोडीचंही तेच. ‘फ्रेंड्स’मधल्या रॉस-रेचलच्या बारा वर्षं आधी, 1982 मध्ये, ‘चिअर्स’ या मालिकेत सॅम आणि डायन ही तशीच जोडी होती.

एक सोपी कसोटी: संवादांवरची नावं झाका आणि तेच संवाद दुसऱ्या मालिकेतल्या पात्रांना देऊन पाहा. बेमालूम बसले तर पात्रं उसनी. विनोद आधी ओळखता आला की नाही, ही कसोटी मात्र फसवी आहे. स्वभावनिष्ठ विनोदात पुढचं ओळखता येणं हाच आनंदाचा भाग असतो. प्रसंगनिष्ठ विनोद मात्र आधी कळला की पडतो.

प्रतिसाद

‘रूपांतर’ वेगळं ठेवायला हवं. ब्रिटिश ‘कपलिंग’ (2000) अमेरिकेत 2003 मध्ये हक्क घेऊन, बरेचसे संवाद तसेच ठेवून केली. चार भाग दाखवून बंद झाली. जाहिरातींविना अर्ध्या तासासाठी बेतलेली संहिता 22 मिनिटांत बसवताना तयारीच्या, म्हणजे विनोदाची पार्श्वभूमी रचणाऱ्या, ओळी कापाव्या लागतात, आणि हशा तयारीवर पिकतो, शेवटच्या ओळीवर नाही. ही मालिका फसली असं म्हणा, उसनी म्हणू नका.

प्रतिसाद

‘सिंगल’बद्दल: ‘अविवाहित’ चुकीचं ठरेल. ‘फ्रेंड्स’च्या पहिल्याच भागात रॉसची बायको त्याला सोडून गेलेली आहे. ‘एकटे’ म्हटलं की दुःख चिकटतं आणि टोळक्याच्या मालिकेत एकटं कुणीच नसतं. ‘सडाफटिंग’ झकास आहे, पण तो पुरुषालाच शोभतो. ‘विनापाश’ सुचेल, तोही जपून: विवाहविषयक जाहिरातींत त्याचा अर्थ ‘मूल नसलेला’ असा पक्का झालाय, आणि रॉसची पहिली बायको दुसऱ्याच भागात गरोदर असल्याचं सांगते. देवनागरीतलं ‘सिंगल’ ठेवा, सगळ्यांना कळतं. ‘प्रणय’ऐवजी ‘प्रेमप्रकरणं’, कारण ‘प्रणय’ आता शरीराकडे झुकलाय.

म्हणजे तुमचं वाक्य असं होईल: ‘सिंगल मित्रमैत्रिणींच्या प्रेमप्रकरणांवरची ही मालिका तोच कित्ता गिरवते, पात्रं उसनी, विनोदही उसने.’ यात ‘सिटकॉम’ हवाच असेल तर ‘मालिका’च्या जागी घाला, पण मग क्रियापदं पुल्लिंगी ठेवायची की स्त्रीलिंगी हे आधीच ठरवा. ‘हा सिटकॉम’ आणि ‘ही सिटकॉम’ दोन्ही वापरात आहेत; एकाच लेखात दोन्ही येऊ देऊ नका.