इंग्लंडचा इतिहास : किती माहीत, कुठून कळला?

सांगलीची अक्का

गेल्या वर्षी लेकीकडे लंडनला होते. सात वर्षांची नात शाळेसाठी पुठ्ठ्याचं घर करत बसली होती. खालचा मजला अरुंद, वरचा रस्त्यावर झुकलेला, भिंतींवर काळ्या आडव्यातिडव्या पट्ट्या. म्हटलं, झकास झालंय, जपून ठेवू. तर म्हणाली, "नाही गं आजी, शुक्रवारी बाई मैदानात सगळी घरं जाळणार आहेत!"

१६६६ची लंडनची आग. पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत रात्री लागली, चार दिवस धुमसली, तेरा हजारांवर घरं गेली. लाकडी घरं एकमेकांना खेटून असली की आग कशी पळत जाते ते पोरांना डोळ्यांनी दिसावं म्हणून ही पुठ्ठ्याची गल्ली पेटवायची. शिक्षिका म्हणून मला हेवाच वाटला.

पण पुढे पोरीने विचारलं, "तेव्हा तुमच्याकडे काय चाललं होतं?" तीस वर्षं इतिहास शिकवलाय मी. सनावळ्या तोंडपाठ, पण दोन देशांच्या सनावळ्या शेजारी शेजारी कधी ठेवल्याच नव्हत्या. बोटं मोजली आणि गप्पच झाले. महाराज आग्र्याहून निसटले १७ ऑगस्टला, लंडन पेटलं २ सप्टेंबरला. मध्ये सोळा दिवस!

इंग्रजांनी इथे येऊन काय केलं ते आपल्याला पाठ आहे. त्यांच्या स्वतःच्या घरात काय चाललं होतं? गूगल न करता सांगा, किती माहीत आहे आणि कुठून कळलं. चुकलं तरी लिहा, मार्क कापणार नाही.

चहाबाज

सहा बायकांचा राजा. कंपनीला १६०० साली सनद देणारी राणी. बाकी पाटी कोरी. परवा कळलं की ती त्याचीच मुलगी, म्हणजे माझं सगळं ज्ञान एकाच घरातलं.

रेडिंगचा पुणेकर

मला इतिहास पोटासाठी शिकावा लागला. इथे कायमचं राहायचं तर परीक्षा द्यावी लागते. ४५ मिनिटं, २४ प्रश्न, त्यातले १८ बरोबर यायला हवेत. बायको पोळ्या लाटता लाटता प्रश्न विचारायची, मी भांडी विसळत उत्तरं द्यायचो. "हेस्टिंग्जची लढाई?" "१०६६, नॉर्मंडीच्या विल्यमने हॅरॉल्डला पाडलं." "बॉसवर्थची?" "१४८५, तिसरा रिचर्ड पडला, ट्यूडर घराणं आलं." आठव्या हेन्रीच्या सहा बायकांचं काय काय झालं हे लक्षात राहीना. इथल्या पोरांचं त्यावर एक पालुपद आहे, त्यावरून बायकोने आपलं केलं : काडीमोड, मुंडकं, मेली, काडीमोड, मुंडकं, तरली. आता मरेपर्यंत विसरणार नाही.

ऑफिसात जेवताना चार गोऱ्या सहकाऱ्यांना सराव प्रश्न घातले. एकही पास होईना. पण त्यातल्या लेस्टरच्या माणसाने सांगितलेलं पुस्तकात नव्हतं : त्याच तिसऱ्या रिचर्डची हाडं २०१२ साली त्याच्या गावात, पार्किंगच्या डांबराखाली सापडली. पाचशे वर्षं राजा तिथे, आणि वर लोक गाड्या लावतायत.

तारीख पे तारीख

वकिली शिकताना. मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला लगाम घालणारी सनद, १२१५, रनिमीड. जॉन राजाने सही केली असं मी पेपरात ठोकून दिलं होतं. सरांनी लाल शाईत लिहिलं, "सही नव्हे, शिक्का." दुसरं लक्षात राहिलं ते १६७९च्या हेबियस कॉर्पस कायद्याचं, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणाऱ्या. वरच्या सभागृहात मतं मोजताना एका लठ्ठ उमरावाला गमतीत दहा जण म्हणून मोजलं आणि कायदा पास झाला, अशी दंतकथा सर सांगायचे. दंतकथाच असेल. पण अख्खा वर्ग जागा झाला तो त्याच दिवशी.

पाणीपत

मुळात कशाला हवं हे सगळं? त्यांना विचारा खर्ड्याची लढाई कधी झाली. दीडशे वर्षं मानगुटीवर बसले तेवढं पुरे नाही का?

एडिनबराची भाडेकरू

@पाणीपत, मानगुटीवर नेमकं कोण बसलं, तिथेच तर माझी गाडी अडली होती. माझी घरमालकीण स्कॉटिश. पहिल्याच आठवड्यात मी तिला सहज म्हणाले, "तुम्ही इंग्लिश लोक चहात दूध फार घालता." तिने किटली आपटली. आपल्या तोंडी सगळे 'इंग्रज' ना! मग तिने मला टेबलाशी बसवून समजावलं : १६०३ला राजा एक झाला, पार्लमेंट १७०७ला एक झालं, त्याआधी दोन वेगळे देश.

खोलीत येऊन शाळेतले 'इंग्रज' एकेक करून तपासले. पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन : स्कॉटिश. १८१८ला दुसरा बाजीराव ज्याला शरण गेला तो माल्कम : स्कॉटिश. साताऱ्याला बसून मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ : तोही स्कॉटिश. पेशवाई बुडवणारं 'इंग्रजी' राज्य निम्मंशिम्मं हिच्या गाववाल्यांनी चालवलेलं. दुसऱ्या दिवशी यादी तिच्यापुढे ठेवली. बराच वेळ वाचत बसली, मग म्हणाली, "हं. यांना तू इंग्रज म्हटलंस तरी चालेल."

पाणीपत

😂 बरं, हे माहीत नव्हतं.

मुंबईचा भाचा

आमचं शहर आंदणात गेलं एवढं माहीत आहे. १६६१ला पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन दुसऱ्या चार्ल्सला दिली, सोबत मुंबई. त्याने १६६८ला ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली. आम्ही अंधेरीत वन बीएचकेचं भाडं भरतो, म्हणून ही एकच सनावळी पक्की.

खटखट

शाळेत नाही, मागावर कळलं. इचलकरंजीत आजोबांकडे जुने माग होते, बिडाच्या चौकटीवर इंग्रजीत 'ब्लॅकबर्न' असं उठावदार ओतलेलं. लहानपणी मला ते मागाच्या मालकाचं नाव वाटायचं. कॉलेजात गेल्यावर कळलं, लँकेशायरमधलं गाव. सूतकताईचं जेनी यंत्र करणारा हारग्रीव्हज त्याच्याच शेजारच्या गावचा, आणि १७६८ला हाताने सूत कातणाऱ्यांनी पोटावर पाय येईल म्हणून त्याची यंत्रं फोडली होती. आजोबांना सांगितलं. ते स्वतः आधी हातमागावर होते, मग हे माग घेतलेले. धोटा तपासत म्हणाले, "मग? पुन्हा बसवली का त्याने?"

सांगलीची अक्का

@खटखट, बसवली. गाव सोडून नॉटिंगहॅमला जाऊन.