थाओ भाषा: दोष फक्त तरुणांचा?

तैवानमधल्या थाओ या छोट्या आदिवासी जमातीची भाषा तरुणांनी टाकली म्हणून मरतेय, असं कुणीतरी लिहिलंय. अर्धंच पटलं. जपानी राजवटीतल्या वीजप्रकल्पाने १९३४ साली सन मून तलावाचं पाणी चढलं, काठची थाओंची वस्ती उठली, पूर्वजांचं लालू बेटही जवळपास बुडालं. पुढे शाळेत मंदारिनची सक्ती. स्वतंत्र जमात म्हणून मान्यता थेट २००१ मध्ये. तोवर सरकारदरबारी हे लोक त्सोऊ या दुसऱ्याच जमातीचे! भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांचा हजारावर पानांचा थाओ शब्दकोश २००३ मध्ये आला, तेव्हा अस्खलित बोलणारे मोजकेच म्हातारे उरले होते. तरी घरोघरी पूर्वजांच्या कपड्यांची टोपली अजून जपतात आणि तिच्यापुढे पुजारणी थाओतच पितरांना हाक मारतात. भाषा टिकलीच तर शाळेपेक्षा या टोपलीपाशी टिकेल, असं मला वाटतं.