खुब्याचं ऑपरेशन: थांबू नका
आईच्या खुब्याचं हाड मोडलंय, वय ८४, ऑपरेशन झेपेल का, थोडे दिवस थांबून बघावं का, असं एकांनी विचारलंय. फिजिशियनने ठोस कारण दिलं नसेल तर थांबू नका. ब्रिटनमधल्या 'नाइस' या, उपचार कसे करावेत ते सांगणाऱ्या संस्थेच्या सूचना स्पष्ट आहेत: ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी पेशंटला उठवायचं. पडून राहिलं की न्यूमोनिया, पायात गुठळ्या, पाठीला जखमा, एकामागून एक सुरू होतं.

माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन छान झालं, पण तिसऱ्या रात्री त्या मला ओळखेनात, सलाइन उपटायला लागल्या. घरचे घाबरले, म्हातारपणी वेड लागलं म्हणाले. तो डिलिरियम होता, म्हणजे आजारपणात अचानक उडणारा मनाचा गोंधळ, वेड नव्हे. त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन आम्हीच पिशवीत घालून कपाटात ठेवलं होतं! ते परत दिलं, दिवसा पडदा उघडा ठेवला, ओळखीचं माणूस सतत जवळ बसवलं. दुखणं, बद्धकोष्ठ, लघवीचं इन्फेक्शन हे डॉक्टरांनी तपासलं. चार दिवसांनी चहात साखर कमी आहे म्हणून त्या रागावल्या, तेव्हा मला रडू आलं.

ऑपरेशनआधी दुखणं कमी करायला नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) मिळेल का, ते विचारा. उशी पोटरीखाली ठेवा, टाच गादीला टेकू देऊ नका. डिस्चार्जच्या कागदावर हाडांच्या ठिसूळपणाचं औषध आहे का तेही बघा. आमच्या कागदावर नव्हतं, मी विचारल्यावर लिहून दिलं.